कासवाने कासव गिळलं

तुमच्या घरातली फरशी तुम्ही शेवटची कधी पाहिलीत?

केर काढताना किंवा कानातल्याची फिरकी शोधताना पाहिली ती सोडा. ती वरून पाहिलेली. मी विचारतेय ते पालथं पडून, हनुवटी फरशीला टेकवून, दोन बोटं उंचीवरून. नसेलच पाहिली. कासव मात्र दिवसभर तेवढंच पाहतं, आणि तिथे जे लाल, पिवळं किंवा चमकणारं दिसेल ते आपल्यालाच वाढलेलं आहे असा त्याचा ठाम समज असतो. तो समज दूर करणं हा माझ्या कामाचा एक भाग.

मी प्राण्यांची डॉक्टर. नाशकात गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत आमचा छोटा दवाखाना आहे. दिवाळी अंकात असे लेख निवृत्त माणसं लिहितात हे मला ठाऊक आहे. माझं वय बत्तीस. तसं मी संपादकांना म्हटलंही. ते म्हणाले, "कासवांचं लिहा. त्यांच्या मानाने तुम्ही जुन्याच." कासव आरामात माझ्या दुप्पट जगू शकतं, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

लिहिण्याची खोड मात्र जुनी. माझ्या वडिलांचा जुन्या नाशकात छापखाना होता. लग्नपत्रिका कमी आणि पत्रकं जास्त. ज्यांना ज्यांना म्हणून काही म्हणायचं असे, ते सगळे आमच्याकडे येत. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. आयुष्यात पहिल्यांदा वाचलेलं वाक्य होतं, "बंधूंनो आणि भगिनींनो, आता पुरे!" काय पुरे ते तेव्हा कळलं नाही, पण आवडलं फार. तेव्हापासून मला काहीही खटकलं की मी पत्रक लिहिते. सोसायटीतल्या पाण्यावर लिहिलं, नायलॉनच्या मांजावर लिहिलं, कॉलेजच्या खानावळीतल्या पोळ्यांवरही लिहिलं. आणि डॉक्टर झाल्यावर, दवाखान्याच्या दारावर, कासवांवर लिहिलं.

ते पत्रक असं होतं: "कासव पाळणे हा गुन्हा आहे! कासव म्हणजे नशीब नव्हे! नशिबाच्या नावाखाली मुक्या जीवाला कोंडणाऱ्यांनो, तुमची गय केली जाणार नाही!" खाली कायद्याचं कलम, त्याखाली लाल रंगाची जाड रेघ. लिहिलेलं सगळं खरं होतं. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं देशी कासव घरात ठेवणं खरोखरच गुन्हा आहे, आणि ते चोरून विकणाऱ्यांचा मला आजही तितकाच संताप येतो. मला ते पत्रक फार आवडलं होतं. आमच्या सुमनताईंनाही दाखवलं. सुमनताई दवाखान्यातलं सगळं बघतात. मखमलाबादला घरची फुलशेती आणि भाजीपाला, त्यामुळे आमच्या रुग्णांचा पाला आणि जास्वंद त्यांच्याच मळ्यातून येते. त्यांनी पत्रक वाचलं आणि म्हणाल्या, "मॅडम, हे वाचून मलाच घाबरल्यासारखं झालं. आन् माझ्याकडं तर कोंबड्या हायेत."

मी हसण्यावारी नेलं.

कासवाने काही गिळलं की काय होतं, ते आधी सांगते. कुत्रं उलटी करतं, मांजर ओकून मोकळं होतं. कासवाला ती सोय नाही. एकदा गिळलं की पुढे जाण्याचा एकच रस्ता, आणि त्या रस्त्यावरची वाहतूक तुमच्या-माझ्या कल्पनेपलीकडे संथ. आपण सकाळी खाल्लेलं दुसऱ्या दिवशी विसरतो. कासव दोन-तीन आठवडे त्याच जेवणावर विचार करत असतं. त्यातून ऊन मिळालं नाही, अंग गार पडलं, की सगळं ठप्प. म्हणून त्याला ऊब द्यायची, रोज कोमट पाण्यात बसवायचं, पाणी हनुवटीच्या खालीच ठेवायचं आणि वाट बघायची. घरी तेल पाजायचं नाही, ते श्वासात जातं. उलटं धरून हलवायचं नाही. मागून दोरा लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही, कारण दुसरं टोक आतड्याला कुठे वेढलंय ते तुम्हाला माहीत नसतं. गिळलं की आणायचं, बस.

देवळाली कॅम्पातल्या एका बाईंच्या पाण्यातल्या कासवाने टाकीतले खडे एकेक करून खाल्ले होते. फोटो काढला तर पोटात रस्त्याला टाकतात तशी खडी. बाई म्हणाल्या, "मला वाटलं टाकी स्वच्छ होतेय." दुसऱ्या एका कासवाने स्वयंपाकघरातलं लाल रबरबँड गिळलं. दोघंही सुटले, कारण दोघांनाही त्याच दिवशी आणलं होतं. पाण्यातल्या त्या परदेशी कासवांना माझं दारावरचं कलम लागू नाही, त्यामुळे ते लोक बिनधास्त यायचे. चांदण्यांचं कासव घेऊन मात्र कोणी येत नव्हतं. मी समजत होते, माझ्या पत्रकामुळे लोक सुधारले.

मग एका सकाळी फोन वाजला.

"डॉक्टरबाई का?"

"बोला."

"कासवानं कासव गिळलं."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. "केवढं?"

"कोणतं? गिळणारं का गिळेल?"

"गिळलेलं."

"बोटावरचं."

"बोटाएवढं पिल्लू?"

"पिल्लू नाही हो! पंचधातूचं!"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. अंगठी! पाठीवर कासव कोरलेली, बरकत यावी म्हणून घालतात ती. खऱ्या कासवाने नशिबाचं कासव गिळलं होतं. मला हसू फुटलं, ते मी खोकल्यात घातलं, आणि सुमनताईंनी समोर पाण्याचा पेला आणून ठेवला.

"तुमचंच कासव का?"

"नाही नाही. मित्राचं."

"मित्राला द्या फोन."

"मित्र... मित्र जेवायला बसेल शे."

सकाळचे साडेनऊ झाले होते.

"कधी गिळलं?"

"चार दिवस झाले."

"चार दिवस! मग लगेच का नाही आणलं?"

तिकडचा आवाज उतरला. "आणेल होतं, बाई. त्याच दिवशी. तुमच्या दारापर्यंत. दारावरचं वाचलं मित्रानं, अन् फिरला माघारी."

माझं हसू तिथेच संपलं.

"आणि चार दिवसांत मित्राने काय काय केलं?"

"दोन चमचे एरंडेल पाजलं. केळं दिलं. मग पोटाखालून लोहचुंबक फिरवला."

"चिकटला?"

"मित्राच्या घड्याळाले चिकटला. घड्याळ बंद पडलं."

हे सगळं मी शांतपणे ऐकत होते असं नाही. चार दिवस, पोटात धातू, वरून एरंडेल. पंचधातू म्हणतात त्यात तांबं असतं, जस्त असतं, आणखी काय असतं ते ओतणाऱ्यालाच ठाऊक. पोटातल्या आम्लात ते विरघळलं तर कासवाला विषबाधा होते. आणि अंगठी अडकली तर आतडं बंद. मला ते कासव आत्ताच्या आत्ता टेबलावर हवं होतं.

खोटं बोलता आलं असतं. "आणा, कोणाला सांगत नाही," एवढंच म्हटलं की काम झालं असतं. पण मी पत्रकांवर वाढलेली, खोटं सांगून बोलावणं मला जमत नाही. मी म्हणाले, "मित्राला नीट सांगा. मी वनविभागाला कळवणार. लपवणार नाही. कासव बरं झालं तरी ते घरी परत जाणार नाही. पण ते सगळं नंतर. आधी त्याच्या पोटाचा फोटो काढू. आज आणलं नाहीत तर ते हाल होऊन मरेल, आणि ते तुमच्या मित्राला रोज बघावं लागेल."

फोन कट झाला.

मी फोनकडे बघत बसले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. एका कुत्र्याला लस टोचली, पुन्हा फोनकडे. शेवटी सुमनताई म्हणाल्या, "आता पुरे. फोनकडं बघून कासव येत नाय." मी उठले, दारावरचं पत्रक फाडलं. लाल रेघ अर्धी दाराला चिकटून राहिली.

चाळीस मिनिटांनी रिक्षा थांबली. तिच्यातून सत्तरीचे एक गृहस्थ उतरले. डोक्याला टोपी, एका हातात कांद्याचं प्लास्टिकचं क्रेट, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी. क्रेटमध्ये ओल्या गोणपाटावर, पाठीवर चांदण्या घेऊन, एक भलीमोठी मादी बसली होती. मान वर करून ती आम्हालाच निरखत होती.

"मित्र कुठे आहेत?" मी विचारलं.

"मीच," म्हणाले. "भामरे. देवळ्याचा. आबा म्हणतात."

आबा देवळ्याचे कांदा व्यापारी. आता तिथला धंदा थोरला मुलगा बघतो आणि आबा इकडे नाशकात धाकट्या मुला-सुनेकडे राहतात. वीसेक वर्षांपूर्वी गाळ्याचं उद्घाटन झालं तेव्हा कोणीतरी हे कासव भेट दिलं होतं, बरकतीसाठी. आबांनी त्याचं नाव ठेवलं 'भाव'.

"भाव?"

"येल तेव्हा कांद्याले लय भाव आला ना!"

"आणि पडला तेव्हा?"

"तेव्हा ते झोपेल होतं." आबांनी अजिबात न हसता सांगितलं. मादी असल्याचं त्यांना वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितल्यावर ते क्रेटकडे वाकून म्हणाले, "बोलली नाहीस गं कधी."

अंगठी पोटात कशी गेली तेही कळलं. सुनेने हौसेने आणलेली ती अंगठी लहान निघाली, म्हणून आबा करंगळीत घालत. देणाऱ्याने सांगितलेलं, दर शुक्रवारी अंगठी दुधाने धुवायची, जास्वंदीच्या फुलात ठेवायची, नमस्कार करायचा, मग घालायची. आबांनी ताटली ठेवली देवघरापुढे जमिनीवर आणि डोळे मिटले. आता कासवाला जगात सर्वांत प्रिय काही असेल तर ती जास्वंद. लाल, रसरशीत, हनुवटीच्या उंचीवर! आबांनी डोळे उघडले तेव्हा ताटलीत दूध होतं आणि भाव तोंड पुसल्यासारखा, म्हणजे पुसल्यासारखी, चालली होती.

"म्हणजे तुम्ही नशिबाला नैवेद्य दाखवला आणि तो नशिबानेच खाल्ला," मी म्हणाले.

"बाई, हसा नंतर. त्याना पोटमा शे ते आधी काढा."

बरोबर होतं त्यांचं.

कासवाच्या पोटाचा फोटो काढायचा तर ते स्थिर पाहिजे, आणि कासव संथ असतं हा समज ज्याचा आहे त्याने एकदा ते एक्स-रेच्या टेबलावर ठेवून बघावं. आम्ही स्टीलचा डबा उपडा घालतो आणि कासव त्यावर ठेवतो. पाय अधांतरी. ते हवेतच चालत राहतं, आपण फार लांब आलो असं त्याला वाटत असावं, आणि तेवढ्यात फोटो निघतो.

फोटो पडद्यावर आला आणि आम्ही तिघंही पुढे वाकलो. कवचाच्या फिक्या गोलात, अगदी मधोमध, पांढरंशुभ्र, चार पाय पसरलेलं, छोटं कासव. कासवाच्या पोटात कासव! मी इतकी वर्षं फोटो बघतेय, इतका देखणा फोटो बघितला नव्हता. सुमनताईंनी तर हातच जोडले.

आबा बारीक डोळे करून बघत होते. मग एकदम चेहरा उजळला. "तोंड बरोबर शे!"

"काय?"

"अंगठीतल्या कासवाचं तोंड घालणाऱ्याकडे पाहिजे, बरकत आत येते. बघा, याचं तोंड त्याच्या तोंडाकडे शे. बरोबर बसेल शे!"

यावर द्यायला माझ्याकडे वैज्ञानिक उत्तर होतं, फक्त हसताना ते बाहेर पडेना.

मग मी उरलेलं सांगितलं, आणि हसणं थांबलं. अंगठी अजून वरच्या बाजूला आहे. ऊब देऊ, पाण्यात बसवू, भरपूर पाला देऊ. दर तीन दिवसांनी फोटो. पुढे सरकत राहिली तर उत्तम. एकाच जागी दोनदा दिसली, किंवा भावने खाणं सोडलं, तर ऑपरेशन. कासवाचं ऑपरेशन म्हणजे पोटाखालच्या कवचाला करवतीने चौकोनी खिडकी पाडायची, आत जायचं, आणि खिडकी पुन्हा बसवून वरून घट्ट लिंपायची. ती भरून यायला वर्षाच्या वर लागतं. सगळी कासवं त्यातून उठत नाहीत.

आबांनी ऐकून घेतलं. मग पिशवी उघडून दाखवली. आत टॉवेल, दोन सदरे, रक्तदाबाच्या गोळ्या, दात घासायची पावडर. "मी तयारीनं येल शे. तुम्ही त्या लोकांना बोलवा. पण याले खिडकी नका पाडू."

ते जेलमध्ये जायच्या तयारीने आले होते! ते रिक्षातून उतरताना मी पिशवी बघितली आणि समजले होते की कासवाचा पाला असेल. माझ्या त्या एका पत्रकाने या माणसाला चार दिवस घरात कोंडलं, आणि पाचव्या दिवशी टॉवेल घेऊन बाहेर काढलं. आणि त्यांना ठाऊक होतं, कासव वाचलं तरी ते जाणार होतं. तरी घेऊन आले.

दुपारी वनविभागाचे साहेब आले. त्यांनी पंचनामा केला, आबांचा जबाब लिहून घेतला, उपचार संपेपर्यंत कासव दवाखान्यातच राहील असा कागद दिला. आबा उठून उभे राहिले, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाले, "चला."

"कुठे?" साहेब म्हणाले. "स्वतः आणून दिलंत ना, आबा. घरी जा, जेवा. पुढे लागलं तर बोलावू."

आबांना हे जरा अपमानास्पद वाटलं असावं. जाताना टॉवेल भावच्या खाली अंथरून गेले.

त्यानंतरचे दिवस म्हणजे जत्रा होती. आबा रोज दहाला हजर. भावला कोमट पाण्याच्या टबात बसवायचं, आबांनी पाण्यात कोपर बुडवून ऊब बघायची, आणि मग तिघांनी टबाकडे टक लावून बसायचं. शी झाली की गाळणीतून गाळायची. ती गाळणी चहाची होती, आता नाही. आबांचा फोन सतत वाजायचा, कारण देवळ्याच्या बाजारातली माणसं अजून त्यांचाच सल्ला घेत, आणि आबा टबावरची नजर न काढता बोलत. "भाव? हलत नाही अजून. परवापासून जागचा हलेल नाही... हो, आज सकाळी थोडा सरकला... डॉक्टरीणबाई म्हणता येत्या आठवड्यात सुटेल."

दोन दिवसांनी आबांच्या मुलाचा मला फोन. "मॅडम, प्लीज वडिलांना सांगा. इथे चार जणांनी माल अडवून ठेवलाय. भाव सुटणार म्हणून."

दुसऱ्या फोटोत अंगठी चांगली खाली आली होती. तिसऱ्या फोटोत ती होती तिथेच होती. त्या दिवशी भावने जास्वंदीकडे बघून तोंड फिरवलं. मी आबांना काही न सांगता करवतीचं पातं निर्जंतुक करायला टाकलं. पण सुमनताईंनी ते बघितलं, आणि आबांनी सुमनताईंचा चेहरा बघितला. आबांनी कोपर बुडवून पाणी बघितलं, भावला टबात ठेवलं, आणि पहिल्यांदाच तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. एकेका चांदणीवरून बोट फिरवत होते. मी डोक्यात हिशेब करत होते, भूल किती, वेळ किती, कोणाला मदतीला बोलवायचं. आणि एक हिशेब सारखा मध्ये येत होता. ते चार दिवस हाताशी असते तर?

भावने मागचे पाय ताणले. शेपूट वर केली. पाणी गढूळ झालं.

आणि टबाच्या तळाशी काहीतरी वाजलं.

टण्.

मी खोटं सांगत नाही, प्लास्टिकच्या टबात इतका गोड आवाज होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. सुमनताईंनी थेट हात घातला. गाळणी वगैरे सगळं विसरून. वर काढली तर अंगठी! काळपट, जास्वंदीचे तंतू गुंडाळलेली, पाय चारही शाबूत. सुमनताई ओरडल्या, "पडलं! पडलं!" आबांनी फोन काढून देवळ्याला लावला आणि आनंदात नको ते बोलले, "अरे, सुटला! भाव मोकळा झाला!" बाहेर वाट बघणारा लॅब्रॅडोर भुंकायला लागला, त्याच्या मालकांनी घाबरून विचारलं की आत काय झालं, आणि मी, पदवीधर, शास्त्राची, त्या गढूळ टबाशेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होते. भाव तेवढ्या गोंधळात सावकाश वळली आणि सुमनताईंच्या पदरावरचं लाल फूल खायला निघाली. छापील होतं. आम्ही वेळेत पदर ओढला.

रक्त तपासलं, पुढे आठवडाभर लक्ष ठेवलं. सगळं ठीक होतं. मग वनविभागाची गाडी आली आणि भाव त्यांच्या केंद्रात गेली, तिथे तिच्यासारखी आणखी आहेत. आबांनी गाडीत क्रेट ठेवलं, त्यात सुमनताईंची जास्वंद ठेवली आणि साहेबांना बजावलं, "फूल देताना फुलात बघा." गाडी गेल्यावर ते बराच वेळ पायरीवर बसले. मी म्हणाले, "आबा, रागावलात माझ्यावर?" ते म्हणाले, "नाही. तुम्ही फोनवर खोटं बोलल्या असत्या तर रागावलो असतो." अंगठी त्यांनी माझ्याच टेबलावर ठेवली. परत घातली नाही.

एवढ्याने माझं समाधान व्हायला हवं, पण होत नाही. आबा फिरून आले. त्या दारापर्यंत येऊन, ती लाल रेघ बघून, हातातली पिशवी छातीशी धरून परत गेलेले आणखी किती असतील? त्यांनी फोन केला नाही. त्यांच्या कासवांचं काय झालं ते मला कधीच कळणार नाही.

वडिलांना फाटलेलं पत्रक दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि म्हणाले, "एवढी उद्गारचिन्हं? आमच्या वेळी छपाईचे खिळे संपले असते." मग विचारलं, "हे कोणासाठी लिहिलंस? ज्याच्याकडे कासव आहे, त्याने हे वाचून काय करायचं?" मत माझं बदललेलं नाही. कासव नशीब नाही, ते रानात शोभतं, आणि विकणाऱ्याची गय करू नये. पण दारावर जे लावायचं ते दाराशी उभ्या असलेल्या माणसासाठी लिहायला हवं होतं. नव्या पत्रकात दोनच वाक्यं आहेत. "आधी आणा. बाकीचं आपण बसून बोलू." खाली आबांच्या परवानगीने तो फोटो लावलाय, कासवातलं कासव. बघून लोक हसतात, आणि हसता हसता आत येतात. या वर्षात चांदण्यांची तीन कासवं आली. एक तर मित्राचं होतं.

आबा अजून अधूनमधून येतात. परवा म्हणाले, भाव घरात नाही तरी सकाळी उठून पालथं पडतो, पलंगाखाली, कपाटाखाली बघतो. सवय लागली. सून हसते.

तर आता माझी विनंती. दिवाळी आहे, घरात फरशीवर काय काय सांडलं असेल. फुटलेल्या माळेचे मणी, टिकल्या, फटाक्याची लाल कागदं, पणतीची वात. हा अंक बाजूला ठेवा. घरात कासव असो, मांजर असो, रांगणारं लेकरू असो, पालथं पडा, हनुवटी फरशीला टेकवा आणि एकदा त्यांच्या उंचीवरून आपलं घर बघा. जे लाल आहे, जे चमकतंय, ते उचला. आणि तुमच्या एखाद्या मित्राकडे चांदण्यांचं कासव असेल, तर त्याला सांगा, दारावरचं पत्रक बदललंय. टॉवेल आणायची गरज नाही.